दाराजवळची बाई

१४ नोव्हेंबरला वॉर्डातलं जुनं कपाट रिकामं करून द्यायचं होतं. खालच्या कप्प्यात हिरव्या सुती साडीची फाडलेली पट्टी निघाली. मीच ठेवली होती.

"म्या हितंच बरी हाय की," असं म्हणून दाराशी उभी राहणारी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. बाक रिकामा असला तरी ती बसत नाही. आपल्याला वाटतं, लाजते.

ही पट्टी जिची, ती विड्यांच्या कारखान्यात काम करायची. घरी तेलुगू, आम्हा सिस्टरांशी मराठी. मी तिला मावशी म्हणायची, ती मला अक्का, जरी वयानं तीच मोठी. शेवटच्या बाळंतपणात तिला खोलवर फाटलं होतं, टाके नीट बसले नाहीत आणि संडासवर ताबा राहिला नाही. तेव्हापासून ती कारखान्यात दाराजवळ वेगळं पोतं टाकून बसायची आणि संध्याकाळपर्यंत काही खायची नाही.

"बाया म्हणत्यात, हिला लई मिजास हाय," ती हसून सांगायची.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मांडीच्या आतल्या बाजूचा लांब स्नायू गुडघ्याकडून सोडवायचा, वर वळवायचा आणि संडासच्या जागेभोवती गुंडाळायचा. खालच्या बारीक रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात. मग जांघेजवळच्या एकाच मोठ्या रक्तवाहिनीवर सगळा स्नायू जगतो. टोकापर्यंत रक्त पोचलं तर जमलं.

"म्हंजे एकाच नळावर सगळी गल्ली," ती म्हणाली. "शेवटच्या घराला पाणी पोचतंय का, ते बघायचं."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"आमचं घर शेवटचंच हाय की."

बरी झाल्यावर काय करणार, असं मी विचारलं. "मधी बसनार. पोटभर खाऊन."

ऑपरेशन चांगलं झालं. मी तिला बजावलं, "मावशी, झोपेतसुद्धा पाय फाकवायचे नाहीत. रक्तवाहिनीवर ताण येतो." तिनं मान हलवली. संध्याकाळच्या ड्रेसिंगला सगळं ठीक होतं.

सकाळच्या राउंडला मी विचारलं, "पाय जवळ ठेवलेत ना?"

"व्हय अक्का."

तिला चारचौघांत अंगावरची चादर काढलेली आवडायची नाही. घाईही होती. मी पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी ड्रेसिंगला चादर उचलली, तर दोन्ही मांड्या जांघेजवळ एकत्र बांधलेल्या. साडीची पट्टी, तीन वेढे, विडीच्या बंडलाला मारतात तशी गाठ. सैल बंडल कारखान्यात परत येतं, हे तिला आयुष्यभर माहीत होतं. कात्रीनं पट्टी कापली. खाली खोल वळ होते आणि टाक्यांजवळची जागा काळीनिळी पडली होती.

"गाठ चांगली मारलीती, अक्का. रातभर सुटली न्हाय."

मी डॉक्टरांना बोलावून आणलं.

स्नायूचं टोक मेलं होतं, ते काढावं लागलं. संडाससाठी पोटावर कायमची पिशवी आली. डॉक्टर म्हणाले, "बांधल्यामुळे झालं असेल, नसेलही. ते टोक मुळातच नाजूक असतं. सांगता येत नाही." त्यांना सांगता येत नव्हतं. मला चादर उचलता येत होती.

पिशव्या न्यायला ती येत राहिली. मी बाक दाखवायची.

"म्या हितंच बरी हाय की."

गेल्या उन्हाळ्यात तिची मुलगी आली, हातात न वापरलेल्या पिशव्यांचं पाकीट. ताप अंगावर काढला आणि आई गेली, म्हणाली. "आई म्हनली, सिस्टरअक्काला परत दे. कुनाला तरी लागतील."

"कारखान्यात गेल्या होत्या का परत?"

"न्हाय. दारातसुदिक न्हाय."

कपाट रिकामं करतानाही ती पट्टी मी कचऱ्यात टाकली नाही. कपाट पुसलं, किल्ली दिली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबरच्या खाटेवर मोहोळची बाई होती, आदल्याच दिवशी हेच ऑपरेशन झालेली. मी विचारलं, "पाय जवळ आहेत ना?"

"व्हय."

मी पडदा ओढला आणि चादर उचलली.