कोणतंही बंद दार

त्या उन्हाळ्यात पांढुर्ण्यात आम्ही चौघं जो खेळ खेळत होतो त्याला आमच्याकडे नावच नव्हतं. घरी कोणी विचारलं की दादा "पत्त्यासारखंच हाय काहीतरी" म्हणून वेळ मारून न्यायचा. खरं तर पत्ते नव्हते, पट नव्हता, सोंगट्याही नव्हत्या. एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, वीस बाजूंचा एक फासा होता, आणि बाकी सगळं नुसतं बोलणं. एकानं सांगायचं की तुम्ही जंगलात आहात, समोर पडका बुरूज आहे. आपण म्हणायचं, मी बुरुजावर चढते. मग फासा टाकायचा, आणि चढलो की पडलो ते कळायचं.

पुस्तक दादाच्या मित्राचं होतं. तो नागपूरला इंजिनिअरिंगला होता आणि त्याच्या अमेरिकेतल्या काकांनी त्या खेळाचा डबा आणला होता. त्याच्या घरचा संत्र्याचा व्यापार. बहार संपला की त्यांचं पेट्यांचं गोदाम रिकामं पडायचं. तिथे उरलेल्या तणसावर सतरंजी टाकून आम्ही दुपारभर बसायचो. गोष्ट सांगणारा आणि निवाडा करणारा तो. खेळणारे आम्ही तिघं: दादा, मी आणि सुट्टीला सौसरहून आलेली माझी मावसबहीण. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मुलींनी गोदामात जाऊन बसणं आईला अजिबात पसंत नव्हतं. "दादा हाय ना सोबत," असं म्हणून मी चपला घालायचे, आणि ती पुढचं बोलेपर्यंत रस्त्यावर असायचे.

खेळात दादा साधू होता, मावसबहीण चोर, आणि मी जादूगारीण. मंत्र दोघांकडे होते, दादाकडे आणि माझ्याकडे. पुस्तकात प्रत्येक मंत्राच्या चार-सहा ओळी असायच्या: काय होतं, किती लांबवर होतं, किती वेळ टिकतं. मला त्या ओळींचं वेडच लागलं. राक्षस, तलवारी, खजिना या सगळ्यापेक्षा मजा होती ती त्या ओळींचा अर्थ लावण्यात. काय लिहिलं आहे, काय लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही त्यात आपल्याला किती जागा आहे.

दादाचा एक मंत्र घागरभर पाणी निर्माण करायचा. एकदा भला मोठा राक्षस आडवा आला, तेव्हा दादा म्हणाला, "मी त्याच्या नाकात पाणी तयार करतो." आम्ही हसून लोळलो. मित्रानं पुस्तक चाळलं. पाणी कुठं तयार करायचं ते लिहिलेलंच नव्हतं. "पुस्तक ‘नाही’ म्हनत नाही," तो खुशीत म्हणाला, "तर होऊन जाऊ दे." राक्षस ठसकून मेला. तो निवाडा मला फार आवडला होता.

मग देवळाची दुपार आली. गोष्टीत आम्ही डोंगरातल्या एका जुन्या देवळापाशी पोचलो होतो. मागे लुटारू लागले होते, समोर दार बंद. माझ्याकडे दार उघडायचा मंत्र होता. मी तो टाकला.

"नाही उघडत," मित्र म्हणाला.

"काहून?"

"देवळाचं दार हाय ते. असं कोनाच्याही हातानं नाही उघडत."

तो वाईट मुलगा नव्हता. त्यानं ते आम्हाला उद्देशून म्हटलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण आम्ही तिघं बौद्ध घरातले, दादा आणि मी स्टेशनपलीकडच्या वस्तीतले, आणि ते वाक्य त्याच्या तोंडातून इतकं अलगद बाहेर पडलं, की जणू त्याला विचार करायची गरजच पडली नव्हती. दादा सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत बसला. मावसबहीण माझ्याकडे बघायला लागली.

"पुस्तक दाखवा," मी म्हटलं.

"पुस्तकात हेच हाय."

"तर दाखवा ना, भाऊ."

"इंग्रजी हाय. तुले काय समजन त्यातलं?"

माझं इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन शिकलेलं होतं. उच्चार वाकडे होते, अर्थ सरळ होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला नाही. शेवटी त्यानं पुस्तक दिलं. मी ओळी मोठ्यानं वाचल्या आणि मराठीत सांगितल्या: मंत्र म्हणणाऱ्याच्या समोरचं कोणतंही बंद दार उघडेल, दुसऱ्या मंत्रानं बंद केलेलं असेल तर ते थोडाच वेळ उघडं राहील.

"कोनतंही," मी म्हटलं. "यात देवळाचं दार येत नाही, असं कुठं हाय? एक अपवाद त्यांनी लिहिला हाय, मंत्रानं बंद केलेल्या दाराचा. त्यातही दार उघडतंच. आनखी अपवाद पाहिजे असता तर तोही लिहिला असता."

"अर्थ लावायचा अधिकार माझा हाय. तेही पुस्तकातच लिहून हाय."

हे खरं होतं. मलाही ते पान माहीत होतं. "हाय ना तुमचा," मी म्हटलं. "मग म्हना, मी नाही उघडू देत. पुस्तक नाही म्हनून राहिलं, असं नका म्हनू."

तो लाल झाला. "खेळायचं हाय का वाद घालायचा हाय?"

"खेळूनच राहिलो. मंत्र टाकला. दार उघडलं. मी आत उभी हाव. पुढचं सांगा."

त्यानं पुस्तक परत ओढून घेतलं. दादा हळूच म्हणाला, "जाऊ दे ना बाई, खेळच तर हाय." राक्षसाच्या नाकातल्या त्याच्या पाण्याला जागा होती, आणि जे शब्दाशब्दानं लिहिलं होतं त्याला नव्हती, हे मी कशी जाऊ देणार होते?

दुसऱ्या दिवशी मी येणार नाही असं बहुतेक सगळ्यांना वाटलं असावं. मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. त्यानं गोष्ट नव्यानं सुरू केली: तुम्ही देवळाबाहेर उभे आहात. "मी आत हाव, भाऊ," मी म्हटलं. "आत काय दिसते ते सांगा." मावसबहीण माझ्याकडे सरकून बसली. "मीही आत गेली," ती म्हणाली. दादानं एकदा मित्राकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग घसा खाकरून म्हणाला, "बाहेर एकटा काय करू? मीही आत."

मित्रानं पुस्तक मिटलं, फासा डब्यात टाकला आणि गोदामाला कुलूप लावायला उठला. खेळ संपला.

मला रडू आलं नाही, रागच आला, आणि तो राग मी कामाला लावला. सुट्टी संपायच्या आत मी मावशीकडे सौसरला गेले. मावसबहिणीच्या कॉलेजात रामाकोन्याहून बसनं येणारी एक मैत्रीण होती, तीही आमच्यात आली. फासा नव्हता म्हणून डालड्याच्या रिकाम्या डब्यात आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकल्या. जेवढे नियम आठवत होते तेवढे मराठीत बांधले, बाकीचे स्वतः केले. आता सांगणारी मी. एक नियम सगळ्यांच्या वर ठेवला: सांगणारीला नाही म्हणायचं असेल तर तिनं स्वतःच्या नावावर नाही म्हणावं. मावशी भाजी निवडता निवडता ऐकायची. एकदा मी उगाच अडवलं तेव्हा तीच म्हणाली, "काहून वं, हे ‘नाही’ तुहं का नियमाचं?" मला कबूल करावं लागलं की माझंच.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा सौसरला गेले, तेव्हा दादा मला न्यायला आला, आणि सोबत तो मित्रही होता. आमचा खेळ चालू होता. तो बराच वेळ उंबऱ्यापाशी उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "त्या देवळाच्या आत मी काही ठरवलंच नव्हतं. तू आत गेली असती तर सांगायला काहीच नव्हतं माझ्याजवळ. म्हनून नाही म्हटलं."

"मग तसं सांगायचं," मी म्हटलं. "आम्ही थांबलो असतो एक दिवस. देवळाच्या दारावर कायले ढकललं?"

खूप दिवसांनी दादा म्हणाला, तो स्वतः येऊन बोलला, म्हणजे त्यानं माफी मागितली असंच समज. मी म्हटलं, मागेल तेव्हा समजेन.

त्या दिवशी मात्र मी सरकून सतरंजीवर जागा केली आणि चिठ्ठ्यांचा डबा त्याच्याकडे ढकलला. "बसा," मी म्हटलं, "पण इथं अर्थ मी लावते." तो चपला काढून बसला.