सगळ्यात वरची ओल

लग्न झाल्यापासून माझ्या तोंडाला लागली नसेल एवढी पावडर आमच्या मिस्त्रींनी ट्रकांच्या पोटाला लावली. सगळे माझ्या नवऱ्याला मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही म्हणते. जुन्या ट्रकचं गिअरऑइल नेमकं कुठून गळतंय हे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. दुसरे मेकॅनिक थेंब दिसला की तिथलं सील बदलून मोकळे होतात. हे आधी गिअरबॉक्स रॉकेलने लख्ख धुणार, पुसणार, त्यावर पावडर मारणार, गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणणार आणि मग टॉर्च घेऊन गाडीखाली सरकणार. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे उडतं; म्हणून पावडर सगळ्यात वर जिथे भिजली असेल ती जागा शोधायची. एवढ्याशा कामाला दीड दिवस. मी चिडायचे, ते नुसतं हूं म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहतो. तो ड्रायव्हर होता. बारा वर्षांपूर्वी त्याने गोदामाच्या उतारावर ट्रक उभा केला. इंजिन बंद केलं की लवकर सुरू होत नसे, म्हणून ते चालूच ठेवून तो सही आणायला आत गेला. माझी भावजय त्याचा डबा घेऊन फाटकाशी उभी होती. ट्रक आपोआप निघाला. कुणीतरी धावत चढून तो मागे घेतला, पण तोवर ती गेली होती. नंतर पाहिलं तर हँडब्रेक सुटलेला होता. ओढायला विसरलो, असं भाऊ स्वतःच म्हणाला, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

तेव्हापासून तो मागच्या खोलीत तिच्याशी बोलतो. रोज दिवेलागणीला खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसतो आणि म्हणतो, "विसरलो गं." मग थांबतो, ऐकतो, मान हलवतो आणि परत तेच. सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे पुढे तर भाजी चिरता चिरता मीही हात थांबवून तिच्या उत्तराची वाट पाहू लागले. आता हे कुणाला सांगायचं?

गेल्या महिन्यात तोच ट्रक आमच्या दारात आला. रंग वेगळा, मालक तिसरा. पण भावाने खोलीत बसूनच इंजिनाचा आवाज ओळखला आणि आतून कडी लावून घेतली. तक्रार काय, तर दोनदा सील बदललं तरी गिअरऑइल गळतंच. मी म्हणाले, आल्या पावली परत पाठवा. गाडीचा काय दोष, असं म्हणून मिस्त्रींनी माझा पावडरचा डबा उचलला.

पावडर भिजली ती गिअरबॉक्सच्या मागच्या सीलपाशी. त्या जुन्या ट्रकांत हँडब्रेकचा ड्रम चाकाशी नसतो, गिअरबॉक्सच्या पाठीलाच असतो. त्यातलं लायनर, म्हणजे ड्रमला घट्ट धरणारी पट्टी, ऑइलने चिंब झालं होतं. सील मात्र नवंकोरं. म्हणजे आतून काहीतरी ढकलतंय. आतली गरम हवा बाहेर पडायला वरच्या अंगाला एक बोटभर भोक असतं. सगळे मेकॅनिक खालून बघतात, तिथे कोण जातंय? मिस्त्रींनी केबिनच्या तळाचा पत्रा काढला, भोकावरचं टोपण उघडलं. आत एक चिंधी कोंबलेली होती; कोंडलेली हवाच ऑइलला सीलमधून बाहेर ढकलत होती.

ती घेऊन ते स्वयंपाकघरात आले. साबणाने धुतली तेव्हा निळे चौकडे दिसले. आमची जुनी चादर, मीच फाडून दिलेली. धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून भोकात चिंधी घालायची आणि ओढून काढता यावी म्हणून टोकाला गाठ मारायची, ही पद्धत यांचीच. अपघाताच्या महिनाभर आधी तो गिअरबॉक्स यांनीच धुतला होता. गाठ तशीच होती.

"त्याने हँडब्रेक ओढला होता," ते म्हणाले. "ट्रक मागे घेणाऱ्याने सोडला असणार. असल्या लायनरवर ब्रेक धरत नाही. विसरलो ते मी."

माझा सख्खा भाऊ भिंतीची माफी मागत होता आणि मी म्हणाले, सांगू नका. मला भीती वाटली. तो यांच्या अंगावर धावून जाईल, घर फुटेल, या वयात मी कुणाच्या बाजूने उभी राहू? चिंधी मी शेगडीवर जाळली. तो सोमवार होता. त्यानंतर रोज दिवेलागणीला भावाचा आवाज सुरू झाला की मी मिक्सर लावायचे, भांड्यात काही असो वा नसो.

नव्या लायनरसाठी ट्रक अजून दारातच उभा होता. शुक्रवारी मिस्त्रींनी त्याच्या खोलीची कडी वाजवली आणि त्याला हाताला धरून ट्रकखाली नेलं. मला खिडकीतून फक्त चार पाय दिसत होते. खाली काय झालं ते मिस्त्रींनी नंतर सांगितलं. भावाने लायनरला बोट लावलं, वास घेतला आणि तीनदा म्हणाला, "म्हणजे मी ओढला होता." मिस्त्री रडायला लागले, तेव्हा त्यानेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, माणूस विसरतो," म्हणाला.

मग तो हात न धुताच आत आला. मी ओट्याशी उभी होते.

"ताई, तुला कधी कळलं?"

मी सोमवार म्हणाले. त्याने मनाशी काहीतरी मोजलं.

"म्हणजे सोमवारपासून मी आत बसून तिला विसरलो म्हणतोय, आणि तू ऐकत होतीस."

आता तो रोज मिस्त्रींबरोबर ट्रकखाली जातो, त्यांच्यासोबत चहा घेतो, कधीकधी हसतोही. माझ्याशी मात्र जेवढ्यास तेवढं. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतो. मागच्या खोलीतून आवाज येत नाही. दिवेलागणीला मी एकटीच भाजी चिरत बसते आणि त्या भिंतीकडे बघते. भावजयीला काय सांगू? मला तर विसरले असं म्हणायचीही सोय नाही.