धुरावरच्या सालपापड्या

बनूआत्या गेली हे सांगायला शहापूरहून माणूस आला, तेव्हा मी सासरी, टोकावड्याच्या अंगणात उभी होते. माघ संपत आला होता आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आत्याला असं आभाळ फार आवडायचं, हेच आधी मनात आलं. रडू मागाहून आलं...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, शहापूरला आमच्या शेजारीच राहणारी. थंडी ओसरू लागली की आळीतल्या बायका सालपापड्या करत, आणि त्या केव्हा करायच्या हे आत्या ठरवी. काम सोपं नव्हतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग वाटून, वाफवून, पापड्या उन्हात पसरायच्या. म्हणजे चौथ्या दिवसाचं ऊन आजच दिसायला हवं. आत्या माहुलीच्या डोंगराकडे बघायची, मिठाच्या बरणीत बोट घालायची, गुडघा दाबायची आणि निकाल द्यायची. तो जितका बरोबर येई तितकाच चुकेही. पण सांगायची अशा थाटात, की चूक आभाळाचीच वाटे.

माझं लग्न ठरलं ते लढाईच्या दिवसांत. तांदूळ मिळेना, म्हणून आईनं घरचा थोडा बारीक तांदूळ रुखवतासाठी जपून ठेवला होता. माझ्या सासूबाई नावं ठेवण्यात पटाईत, ही कीर्ती शहापूरला आधीच पोचली होती. आत्यानं गुडघा दाबला आणि म्हणाली, "भिजवा. ऊन आता हलत नाय." पापड्या वाफवायला घेतल्या त्या दिवशी माहुली ढगात दिसेनाशी झाली आणि दुपारी चक्क पाऊस कोसळला. आई कपाळाला हात लावून बसली. ओल्या पापड्या आंबल्या असत्या, आणि पुन्हा करायला दाणा उरला नव्हता. आत्या गुडघा धरून पावसाकडे बघत बसली. तिला तसं बघून मला लग्नापेक्षा तिचीच काळजी वाटली. मग तिनं पदर खोचला, घरोघर जाऊन सगळ्यांच्या चुलींवर टोपल्या टांगून घेतल्या आणि पापड्या धुरावर वाळवल्या. वाळल्या खऱ्या, पण चहाच्या रंगाच्या झाल्या.

रुखवतात सासूबाईंनी एक उचलून हुंगली आणि ही काळी कशानं, म्हणून विचारलं. आईचा चेहरा उतरला. आत्या मात्र शांत. "आमी उन्हात घालत नाय, विहीणबाई. उन्हानं चव उडते. धुरावर वाळवायला हात लागतो."

तळलेली पापडी सासूबाईंना पसंत पडली. पुढच्या वर्षी सासरी कडकडीत उन्हात, रिकाम्या अंगणाकडे पाठ फिरवून, आमच्या चुलीवर टोपल्या टांगल्या गेल्या. मग शेजारणींनीही तेच धरलं. आत्या भेटायला आली, डोळे चोळत धुरात बसलेल्या बायका तिनं पाहिल्या आणि मला चिमटा काढून कानात म्हणाली, "सांगशील तर बघ."

कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून इथं लिहायचं धाडस करतेय.

आत्याचे दिवस आटपून मी परतले तेव्हा घरी पापड्यांचीच गडबड होती. आता ती नाही, तर तिच्या थापेपायी आम्ही किती खोकायचं, असं वाटून मी अंगणात चटई पसरली. सासूबाई बाहेर आल्या. चटई गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली.

"नको गो. ती होती तवर चाललं असतं. आता तिची रीत आपुनच राखायची."

मला आत्याची फार आठवण आली आणि हसूही आवरेना. बाहेर लख्ख ऊन होतं. मी चटई कोपऱ्यात उभी केली आणि टोपली चुलीवर टांगली.