तिसरी पुकार

विमलबाई साळवे रोज सकाळी चहाच्या आधी भगवंतरावांना शाप देत असत. शिवीगाळ नाही, काही नाही, सगळं शास्त्राप्रमाणे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एकशे नववं स्तोत्र आहे, शत्रूचं वाटोळं व्हावं म्हणून केलेली प्रार्थना. हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत चष्मा लावून त्या ते मोठ्याने वाचत, आणि जिथे शत्रू येई तिथे भगवंतरावांचं नाव घालत. तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. एकही डोस चुकला नाही.

कारणही तसंच होतं. त्यांच्या चर्चच्या मराठी मंडळीत लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात आणि पाळकसाहेब विचारतात, कोणाची हरकत आहे का? सहसा कोणी तोंड उघडत नाही. लोकांचं लक्ष घरच्या जेवणाकडे असतं. तीन वर्षांपूर्वी विमलबाईंच्या लेकीची, गीताची, तिसरी पुकार झाली, तेव्हा मात्र मंडळीचे पंच भगवंतराव उठले आणि म्हणाले, "मुलाचा बाप्तिस्मा झाल्याचं ऐकिवात नाही." झालं. नियमाप्रमाणे लग्न थांबलं, चौकशी बसली. बाप्तिस्म्याचा दाखला जालन्याहून यायला पंधरा दिवस लागले, आणि तो आला तोवर अपमान झाला म्हणून मुलाकडच्यांनी लग्न मोडलं होतं. भगवंतराव काय म्हणाले? "मी फक्त नियम सांगितला." क्षमेचा एक शब्द नाही. गीताने चर्चला येणं सोडलं आणि कुकटपल्लीत नोकरी धरून ती तिथेच राहू लागली.

पाळकसाहेबांनी विमलबाईंना रागावर उतारा म्हणून वचनं पाठ करायला दिली: सूड देवावर सोपवावा, शत्रूला भूक लागली तर जेवू घालावं. त्यांनी आठवडाभरात ती घडाघडा म्हणून दाखवली. राग जागचा हलला नाही. "देवालाही कोणाचे तरी हात लागतातच ना, पाळकसाहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि यंदा देवाने आपलेच हात मागितले, असं त्यांना वाटलं. भगवंतरावांच्या नातीचं, रुपालीचं, लग्न ठरलं. मुलगा सारंग, संभाजीनगरचा. विमलबाईंच्या कानावर आलं की सारंगची आधी एक सोयरीक होऊन मोडली होती. त्यात पाप काही नव्हतं. पण मंडळीत उठून एवढं विचारलं तरी चौकशी बसणार होती, आणि तिसऱ्या पुकारेनंतर पाचव्याच दिवशी लग्न. हॉल, पाहुणे, जेवणावळ, सगळंच मुसळ केरात. म्हाताऱ्याला कळलं असतं नियम म्हणजे काय ते.

गीताला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मम्मी, लाइट घे ना. जाने दो."

"तू घे लाइट," विमलबाई म्हणाल्या. "मी आई आहे."

तिसऱ्या रविवारी शास्त्रवाचन विमलबाईंकडेच होतं. त्यात नवल नव्हतं. मंडळीतली पोरं इंग्रजी-तेलुगूत शिकलेली, मराठी अक्षर बघितलं की त्यांना घाम फुटतो. ठरलेला पाठ बाजूला ठेवून बाईंनी एकशे नववं स्तोत्र उघडलं. हरकत नंतर घेऊ, आधी म्हाताऱ्याचं काळीज तर हलू दे.

त्या वाचू लागल्या ते थेट भगवंतरावांकडे बघत. पुढच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने चौथ्या ओळीलाच स्तोत्र ओळखलं आणि मान खाली घातली. विमलबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी आवाज चढवला. मागे पोरं मोबाइल चाळत होती.

एकच मुलगी शास्त्र उघडून ओळीखाली बोट फिरवत होती. ती रुपाली. चर्चच्या शब्बाथशाळेत, रविवारच्या वर्गात, सहा वर्षांच्या रुपालीला शेजारी बसवून विमलबाईंनीच असं बोट धरून वाचायला शिकवलं होतं. ते बोट बाईंच्या आवाजाच्या पुढे सरकून पुढच्या ओळीवर पोचलं: त्याची लेकरं अनाथ होवोत, पडक्या घरांतून भीक मागत फिरोत. रुपालीने मान वर केली. ती घाबरलेली नव्हती. बाई आता ही ओळ वाचतात का, ते बघत होती.

विमलबाईंनी ती ओळ हजार वेळा वाचली असेल. लेकरं म्हणजे कोण, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आज ओळ समोर होती, चष्मा स्वच्छ होता आणि तोंड उघडत नव्हतं. राग होता तेवढाच होता, पण तो त्या पोरीवर जाऊन बसेना.

"इथवरच," त्या म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

पाळकसाहेबांनी नावं पुकारली, हरकत विचारली. भगवंतराव मागे वळून विमलबाईंकडे बघत राहिले. बाई मांडीवरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या, आणि कोणीच उठलं नाही.

उपासना सुटल्यावर म्हातारा पायऱ्यांवर त्यांच्यासमोर आला. "सलाम, बाई. उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले? तुम्हाला माफ केलेलं नाही मी. पोरीला शाप देता आला नाही, एवढंच."

"मग मी काय करू, सांगा."

"गीता कुकटपल्लीत राहते. चौथा मजला आहे, लिफ्ट बंद असते. चारचौघांत उठून बोललात तसंच तिच्यासमोर उभं राहून सांगा, की काही माहीत नसताना बोललो. पत्ता लिहून घ्या."

भगवंतरावांनी खिशातून पेन काढलं. कागद सापडेना, म्हणून रुपालीच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते लिहू लागले. पत्रिका टेकायला काही नव्हतं, अक्षर वाकडं येत होतं. विमलबाईंनी हात पुढे केला नाही; घर नंबर दोनदा सांगितला, आणि आजच जा म्हणाल्या.