पाण्याखालचा फॉस्फरस आणि सोजरबाईंचा पदर

शेलूबाजारच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात वैजयंती मॅडम रसायनशास्त्र शिकवतात आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं लागून आहेत. त्यामुळे पांढऱ्या फॉस्फरसबद्दल मला जे काही कळतं, ते सगळं त्यांच्या डब्यातली भाजी खाता खाता कळलेलं आहे.

प्रयोगशाळेत जाड काचेच्या बाटलीत, पाण्याखाली, त्याच्या दोन कांड्या होत्या. मेणबत्तीच्या तुकड्यांसारख्या, वरून पिवळट पडलेल्या. तीस-पस्तीस अंशांच्या हवेत तो आपला आपण पेटतो, आणि पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याखाली ठेवायचा. मॅडम खिडक्यांना काळे कागद लावत, कणभर फॉस्फरस चिमट्यात धरत आणि अंधारात तो हिरवट उजळला की वर्गातला सगळा गलका थांबे. मग त्या सांगत. पूर्वी काडेपेट्या याच्याच बनत आणि त्या कारखान्यांतल्या बायांचे जबडे सडत. आता पेटीच्या कडेला असतो तो त्याचाच शांत स्वभावाचा लाल प्रकार. उंदराच्या औषधातून पोटात गेला तर माणसाचं यकृत जातं. सैन्य त्याचा धूर करतं. आणि तोच जाळून, त्याची वाफ पाण्यात घेऊन जे शुद्ध आम्ल बनतं, ते थंड पेयांतसुद्धा पडतं. एवढा दुष्ट आणि एवढा कामाचा, असं म्हणताना मॅडमचा चेहरा खुलून यायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मॅडम सासूबाईंसोबत, म्हणजे सोजरबाईंसोबत, लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या. सुट्टीत प्रयोगशाळेच्या फरश्या बदलायचं काम चाललं होतं. काम कुठवर आलं ते विचारायला त्यांनी शिपाई गोविंदसिंगला फोन केला.

"झालं मॅडम, परवाच झालं. मी गावी आलो. आलमारी सरकवाले जड होती, म्हणून बाटल्या खिडकीत काढून ठेवल्या."

"पाण्यातली बी?"

"हो, ते बी."

मॅडमनी फोन ठेवला तो उठूनच. त्या खिडकीत दुपारभर ऊन असतं, आणि पारा पंचेचाळिसावर होता. पाणी आटलं तर पुढे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"काहून उठली व, वैजू?"

"आई, मले कालेजात जा लागते. आत्ताच."

"या उनात एकटी? थांब, मी बी येतो." सोजरबाईंनी कैऱ्यांवर फडकं टाकलं, पाण्याची कॅन उचलली आणि दोघी रस्त्यावर येऊन प्रवासी जीपमध्ये बसल्या.

प्रयोगशाळेचं दार उघडताच लसणासारखा वास आला, फॉस्फरसचा. "कोनं फोडणी देल्ली इथं?" सोजरबाई म्हणाल्या. मॅडमनी त्यांना दारातच थांबवलं, हातमोजे, चष्मा चढवला. बाटलीतलं पाणी उतरलं होतं, एका कांडीचं टोक उघडं पडलं होतं आणि आत पांढरा धूर दाटला होता. झाकण सैल का होईना, लागलेलं होतं म्हणून हवा बेतानंच मिळत होती. ते उचललं तर भडकणार, न उचलावं तर पाणी घालणार कसं? त्यांनी झाकण सरकवलं. टोकावर पिवळी ज्योत उठली, तोच त्यांनी मगातलं पाणी ओतलं. चर्र झालं आणि विझलं.

हे सगळं होईपर्यंत सोजरबाई दारात राहतात थोड्याच! दुसरा मग भरून त्या सुनेच्या पाठीशी येऊन उभ्या होत्या. त्यांच्या पदरावर दोन थेंब उडाले, फॉस्फरसचे कण घेऊन. "पानीच हाय," म्हणून त्या झटकायला गेल्या.

"आई, हात नका लावू!"

ओला डाग कडेनं वाळला आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघाली. मॅडमनी पदर धरून बादलीत बुडवला. धूर थांबला.

"विझलं न आता?"

"विझलं नाही, आई. वाळलं का पुन्हा पेटन."

मग कात्रीनं पदराचा तेवढा तुकडा कापावा लागला. मॅडमनी तो चिमट्यानं नेऊन मैदानातल्या दगडावर टाकला आणि दोघी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, लांब लिंबाखाली उभ्या राहिल्या. तुकडा वाळला, आणि कोणी काडी न लावता जळून गेला. सोजरबाई बघतच राहिल्या.

"मासोळी पान्याबाहेर मरते. हे तं पान्याबाहेर जितं होते, माय. काहून असं?"

मॅडमनी चार लिंबोळ्या घेतल्या, सहा काड्यांनी एकमेकींत टोचल्या. "याचे चार चार अणू असे बसते. दाटीवाटीनं. जागा नाही, सारा ताण. म्हणून हवा भेटली का सुटाले पाह्यते."

"एका खोलीत चार जावा," सोजरबाई म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. सासूबाईंच्या पदराऐवजी हातावर थेंब पडला असता तर, हे त्यांना तेव्हा कुठं सुचलं. सोजरबाईंनी ते ओळखलं आणि त्या सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जूनमध्ये मॅडमनी प्राचार्यांना स्वतःच सांगितलं की ही बाटली आपल्याकडं नको; या उन्हाच्या मुलुखात तिला जपणं एका माणसाच्या आठवणीवर सोडता येत नाही. संस्थेनं घातक रसायनं नेणाऱ्या लोकांना बोलावलं. ते आले, बाटली वाळूच्या डब्यात बसवून घेऊन गेले. आता मॅडम हिरवा उजेड पडद्यावर दाखवतात. पोरं तरीही गप्प होतात, पण थोडी कमी, असं त्याच म्हणतात.

बाटली गेली त्या दिवशी घरी त्या ताटावर नुसत्याच बसून होत्या. सोजरबाईंनी ताटात भाकर वाढली, वर लोणच्याची फोड ठेवली.

"करमून नाही राह्यलं तुले?"

"नाही, आई."

"जेव. उद्या पोराईले दुसरं काई दाखव."