सासूबाईंचं स्विस घड्याळ

जुना फ्रिज विकला, तेव्हा एकही किस्सा झाला नाही. आला, उचलला, गेला. पण आमच्या घरातलं खिशात ठेवायचं स्विस घड्याळ विकायला काढलं आणि किस्से साचतच गेले! विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात डबे उघडले की मैत्रिणींचा पहिला प्रश्न, "घड्याळाचं काय झालं गं?"

तर आधी घड्याळ. चांदीचं, झाकणाचं, साखळीसकट. माझे सासरे गिरणीत होते. मायदेशी परत जाताना त्यांच्या गोऱ्या साहेबाने ते त्यांच्या हातात ठेवलं. सासरे गेल्यावर ते सासूबाईंकडे आलं. म्हणजे मूळ डबीत, मलमलच्या फडक्यात, कपाटाच्या आतल्या खणात. आणि तेव्हापासून आईंनी आमचं मुलुंडचं घर एक रात्रही सोडलं नाही!

*

कणकवलीला आईंच्या सख्ख्या भाच्याचं लग्न. आम्ही बॅगा भरून तयार, आई सोफ्यावर.

"घरात घड्याळ आसा. माका जमाचां नाय."

"आई, कुलूप आहे ना!" माझा नवरा संतोष म्हणाला.

"चोर काय कुलूप बघून परत जाता?"

शेवटी त्यांची समजूत घालून घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. त्या रात्री आई जेवल्या नाहीत. "थंयसर दमट आसा गो." सकाळी आम्ही पुन्हा बँकेत. तिथल्या मॅडम बघतच राहिल्या. "काकू, कालच तर ठेवलंत!"

लग्नाला आई आल्या नाहीत ते नाहीतच.

*

मग बोरिवलीला नणंदेला मुलगी झाली. आईंना तिकडे राहायला जायचं होतं, आणि पाय निघत नव्हता. दोन दिवस बॅग भरली आणि परत रिकामी केली. तिसऱ्या दिवशी डबी संतोषच्या पुढ्यात आपटली.

"इकून टाक रे! मी नातीक बघू की घड्याळाक?"

*

ऑनलाइन जाहिरात टाकली. पहिला आला तो मानखुर्दचा एक तरुण. घड्याळ बघून एकदम खूश. "झकास आहे यार! पण विकत नको. प्री-वेडिंग शूट आहे, दोन तास भाड्याने द्याल?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "देतंय म्हणान सांग. पण मी वांगडा येतलंय!"

आणि गेल्या की खरंच सोबत! आरे कॉलनीत, झाडीतल्या रस्त्यावर. त्याने नंतर फोटो पाठवले. नवरा घड्याळ बघतोय, नवरी लाजतेय, आणि मागच्या झाडाआडून एक हिरवा पदर. प्रत्येक फोटोत!

*

दुसरा अंधेरीचा दुकानदार. त्याने भिंग लावलं, तोंड वाकडं केलं. "मांजी, ये तो कॉपी है."

"तर मग द्या परत," मी म्हणाले.

तो देईना. उलटसुलट करून बघत राहिला. आई शांतपणे म्हणाल्या, "खोटां आसा ना? मग मुठीत कित्याक धरलंस?"

मालवणी त्याला किती कळलं माहीत नाही, पण मूठ लगेच उघडली!

*

शेवटी घाटकोपरचे एक निवृत्त डॉक्टर आले. जुनी घड्याळं जमवणारे. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आतलं कंपनीचं नाव वाचलं, हलकेच चावी दिली, आणि ते चक्क टिकटिकायला लागलं! डॉक्टरांनी ते कानाशी धरून ऐकलं. मग योग्य तो भाव सांगितला आणि तिथेच बसून मोबाइलवरून आमच्या बँकेत पैसे भरले. आकडा सांगत नाही, नातेवाईकांपर्यंत जाईल.

ते गेले आणि मला धाकधूक, आता आई रडणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर दार सताड उघडं! आत धावले, तर हॉलमध्ये पंख्याखाली आई गाढ झोपलेल्या. आणि काय घोरत होत्या! लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मी आवाज न करता चहा टाकला. खूप बरं वाटलं.

*

आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. मी तेव्हा बोरिवलीलाच होते, आईंना भेटायला. आई मांडीवर नात घेऊन बसल्या होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला.

"आजी, शंभरेक वर्षांचं घड्याळ, आणि एक ओरखडा नाही! इतकं कसं जपलंत हो?"

नातीने आईंच्या गळ्यातली माळ घट्ट पकडली होती. ती तिच्या मुठीतून सोडवत आई म्हणाल्या,

"तां माका कधी आवडलांच नाय, डॉक्टर. आवडलां असतां तर रोज हातात घेतलां असतां, नि कधीच मोडलां असतां!"