अठराकाका

काकांचं एकही जेवण सलग झालेलं मी पाहिलं नाही. दोन घास पोटात गेले की उठायचे, खरकट्या हातानेच गॅरेजमध्ये जायचे, आंबत ठेवलेल्या बिअरच्या पिंपावर चिकटवलेली तापमानाची पट्टी बघायचे आणि येऊन सांगायचे, "साडेअठरा. जेवा." आम्ही जेवतच असायचो. इथे परदेशात, लोअर हटमध्ये, त्यांच्या घरी मी दोन वर्षं भाड्याने राहिलो. बिअर अठरा अंशांवरच आंबली पाहिजे, हा त्यांचा हट्ट; त्यावरून मराठी मंडळींत त्यांचं नावच पडलं होतं, अठराकाका.

हे वेड व्याह्यांमुळे लागलं. काकांच्या मुलाने इथलीच गोरी मुलगी पसंत केली आणि तिचे वडील घरी बिअर बनवणारे निघाले. पहिल्या भेटीला आपल्या हातची बिअर न्यायची, असं काकांनी ठरवून टाकलं. "पेढे नेले तर थँक यू म्हणेल आणि फ्रिजमध्ये विसरेल."

"मुलाकडचे आपण," काकू म्हणायच्या, "आणि धाकधूक ह्यांनाच!"

उन्हाळ्यात पिंपाला ओला टॉवेल आणि पंखा, हिवाळ्यात काकूंची गोधडी. भात झाला म्हटलं, बाहेर गारठा आहे म्हटलं, काकांचा प्रश्न एकच, "मोजलंस का?" मला राग यायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, तेही केमिस्ट्री घेऊन. घरी माझा शब्द कोणी तपासत नसे.

व्याह्यांसाठीचं पिंप लावलं आणि दुसऱ्याच दिवशी काका-काकूंना मुलाकडे हेन्डरसनला जावं लागलं. "अठराच्या आसपास ठेव. काही झालं तर फोन कर." रात्रीतून दक्षिणेचा, इथला बर्फासारखा गार वारा सुटला, पट्टी चौदावर आली. फोन कशाला करायचा? गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात आमचं डोशाचं पीठ हिवाळ्यातही फसफसून यायचं. पीठ बाहेर काढलं, पिंप आत ढकललं आणि कामावर गेलो. संध्याकाळी पट्टी सत्तावीसवर!

पिंप मुकाट्याने जागेवर ठेवलं. काका आले. "किती होतं?" "अठरा," मी म्हणालो. पुढे महिनाभर त्यांच्यासमोर मला नीट बसवेना.

भेटीला त्यांनी मलाही नेलं. व्याह्यांनी घोट घेतला, थांबले. "हं. केळ्याचा वास येतोय, मेट. आंबताना गरम झाली होती का?"

"माझीच चूक," काका म्हणाले. "घाई केली."

व्याही हसले, पण ग्लास अर्धाच राहिला. काकांची नजर त्या ग्लासावरून हलली नाही.

परतताना गाडीत मी बोलून टाकलं, "काका, पिंप मी कपाटात ठेवलं होतं."

"माहीत आहे. झाकणाला पीठ लागलं होतं."

"मग मला वाचवलंत कशाला?"

"तुला? अरे, व्याह्यासमोर पोरावर ढकलणारा माणूस दिसलो असतो मी!"

महिन्याभराने त्यांनी दुसरं पिंप लावलं आणि पुन्हा हेन्डरसनला गेले. मला वाटलं, शेजाऱ्यांना सांगून जातील. किल्ली माझ्याच हातात दिली. दुसऱ्या सकाळी पट्टी पंधरावर होती. दोनदा गॅरेजमध्ये जाऊन आलो. मग फोन लावला.

"काका, पंधरा झालंय. काय करायचं, मला माहीत नाही."